वाळूच्या समुद्रातील मोटारी

मोटार ही रस्त्याची अपत्य. तिची चाके, तिचे यंत्र, तिचे बसके अंग ही सारी रचना मुळी सपाट आणि कठीण जमिनीसाठी झालेली. ज्या प्रदेशात रस्ता नाही, पायवाट नाही, पाणी नाही आणि खूण म्हणून दाखवावे असे एखादे झुडूपही नाही, तेथे मोटार घेऊन जाण्याचा विचार कोणा शहाण्या माणसाला सुचावा, याचेच प्रथम नवल वाटते. परंतु १९२५ नंतरच्या काही वर्षांत ईजिप्तमध्ये नेमणुकीवर असलेल्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांच्या एका लहानशा मंडळीने, स्वतःच्या रजेच्या दिवसांत आणि स्वतःच्या खिशाला चाट लावून, नेमका हाच उद्योग केला. त्या मंडळींचा अग्रणी होता राल्फ बॅग्नोल्ड. शिक्षणाने तो इंजिनियर होता. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या चिखलात त्याने नोकरी केली होती, आणि पुढे केंब्रिजला विद्याभ्यास करून तो लष्कराच्या संदेशवहन दलात दाखल झाला होता.

नाईल नदीच्या पश्चिमेस जे लिबियाचे वाळवंट पसरले आहे, त्यासारखा निर्जल प्रदेश पृथ्वीवर क्वचितच असेल. सीवा, कुफ्रा यांसारखी चार-दोन मरूद्याने सोडली, तर शेकडो मैल पाण्याचा टिपूस नाही. त्यातच उत्तरेकडून दक्षिणेकडे समांतर धावणाऱ्या वाळूच्या टेकड्यांचा एक विस्तीर्ण पट्टा आहे. त्याला नकाशाकार ‘वाळूचा महासागर’ म्हणतात. हजारो वर्षे या प्रदेशात माणूस गेला तो उंटाच्या पाठीवर. ईजिप्तच्या अहमद हसनैन बेने १९२३ मध्ये दक्षिणेकडील उवेनातचा पहाड जगाला दाखवून दिला, तोही उंटांच्या काफिल्यासह.

मोटारीचा प्रयत्न यापूर्वी झालाच नव्हता, असे नाही. १९१६ पासून ब्रिटिशांच्या हलक्या मोटारींच्या पहारेकरी तुकड्या या वाळवंटाच्या कडेकडेने फिरत होत्या, आणि त्यांच्याकडे होत्या त्या फोर्डच्या साध्या गाड्याच. पुढे राजपुत्र कमाल अल्-दीन याने फ्रान्समधील सित्रोएन कारखान्याच्या खास गाड्या आणल्या. त्यांना मागच्या चाकांच्या जागी रबराचे पट्टे असत. १९२३ च्या आरंभी असल्याच गाड्यांनी सहारा ओलांडून तिंबक्तू गाठले होते. तेव्हा १९२७ च्या सुमारास बॅग्नोल्डपुढे दोन मार्ग होते. वाळवंटासाठी मुद्दाम घडविलेले, महागडे, गुंतागुंतीचे वाहन मिळविण्याची खटपट करावी. किंवा बाजारात मिळणारी स्वस्त गाडी घ्यावी आणि तीत हवी ती दुरुस्ती आपल्या हाताने करावी. त्याने दुसरा मार्ग धरला. ऐपतीनेच तो त्याला भाग पाडला असला, तरी शहाणपणाचाही तोच ठरला.

फोर्डची ‘टी’ नमुन्याची मोटार १९०८ ते १९२७ पर्यंत तयार होत होती. अशा दीड कोटी गाड्या कारखान्यातून बाहेर पडल्या. यंत्राची शक्ती अवघी वीस अश्वशक्तीची. परंतु अमेरिकेतील खेड्यांच्या चिखलवाटांसाठी ती बनविलेली असल्याने जमिनीपासून चांगली उंच, वजनाला हलकी आणि पोलादाने टणक अशी होती. पाना आणि हातोडा यांपलीकडे तिला फारशा हत्यारांची गरज पडत नसे. तिच्यात दोषही होते. पेट्रोलची टाकी चालकाच्या बैठकीखाली असल्याने आणि पेट्रोल केवळ उतारावरून यंत्राकडे वाहत असल्याने, टाकीत पेट्रोल कमी असताना उभा चढ आला की यंत्र उपाशी पडे. मग चालक गाडी फिरवून उलट्या दिशेने चढ चढवी. १९२७ च्या अखेरीस आलेल्या ‘ए’ नमुन्यात यंत्र दुप्पट शक्तीचे झाले, टाकी चालकाच्या पुढे उंचावर आली, तीन वेगांची दांडी आली. बॅग्नोल्डच्या १९२९, १९३० आणि १९३२ सालच्या मोठ्या मोहिमा या नव्या गाड्यांवर पार पडल्या.

गाडी हाती आल्यावर पहिला प्रश्न उभा राहिला : तिला काय जोडावे? अननुभवी माणसाला वाटते, प्रवास जितका बिकट तितकी साधने अधिक हवीत. बॅग्नोल्डने उलट बाजूने आरंभ केला. त्याने प्रथम काय काढता येईल ते पाहिले. टप गेला, पुढची काच गेली, मडगार्ड गेले, यंत्रावरील झाकणही उतरले, आणि मूळ सांगाड्यावर लाकडाची साधी पेटी बसविण्यात आली. वाळवंटात प्रत्येक शेराचा हिशेब असतो. जितके वजन गाडीचे उतरेल, तितके पाणी आणि पेट्रोल अधिक नेता येते. शिवाय जितकी गाडी हलकी, तितके चाक वाळूत कमी रुतते. शोभेचा पत्रा वाहून नेणे म्हणजे तेवढ्या वजनाचे पाणी मागे ठेवणे होय, हा त्याचा सरळ हिशेब होता. भर घातली ती एकाच ठिकाणी. लादलेल्या ओझ्याने आणि दगडांवरील गचक्यांनी स्प्रिंगा मोडत, म्हणून त्यांना जादा पाटे चढविण्यात आले.

त्यानंतरची सुधारणा पाण्याची होती, आणि सर्व सुधारणांत तीच जीवनमरणाची ठरली. मऊ वाळूत गाडी खालच्या वेगात, मोठ्या ताकदीने पण हळूहळू चालते. यंत्र भयंकर तापते, आणि गाडीला गती नसल्यामुळे रेडिएटरमधून वारा वाहत नाही. त्यात वारा पाठीमागून असला, तर पाणी उकळू लागण्यास वेळ लागत नाही. उकळलेले पाणी वाफ होऊन नळीवाटे बाहेर जाते आणि चालकाला पुनःपुन्हा नवे पाणी ओतावे लागते. हे पाणी आणायचे कोठून? माणसांच्या पिण्याच्या डब्यांतूनच. म्हणजे गाडी आणि माणूस एकाच डब्यातले पाणी पिऊ लागले, की प्रवासाचा अंत ठरलेलाच.

यावर जो उपाय योजला गेला, तो पाहून हसू यावे इतका साधा आहे. रेडिएटरची जादा पाणी बाहेर सोडणारी नळी बंद केली. तोंडापासून दुसरी नळी काढून ती गाडीच्या पायफळीवर घट्ट बांधलेल्या पत्र्याच्या डब्यात, थेट बुडापर्यंत, सोडली. डबा निम्मा पाण्याने भरलेला. यंत्र तापले की वाफ नळीने येऊन डब्यातील थंड पाण्यात शिरे आणि तेथेच तिचे पुन्हा पाणी होई. काही वेळाने डब्यातले पाणीही उकळू लागे आणि गरम तुषार उडत. ती चालकाला थांबण्याची सूचना. तो गाडीचे तोंड वाऱ्याकडे करून उभा राही. मिनिटा-दोन मिनिटांत रेडिएटर निवे, आत निर्वात पोकळी निर्माण होई, आणि डब्यात गेलेले पाणी घळघळ आवाज करीत परत मूळ जागी ओढले जाई. थेंबभरही वाया नाही! पहिल्या महायुद्धातील मोटार-तुकड्यांनीही असले डबे वापरले होते. बॅग्नोल्डच्या मंडळीने ती युक्ती आपल्या प्रवासांत पूर्णत्वास नेली.

परंतु या साध्या युक्तीची एक अट होती. सारे सांधे हवाबंद हवेत. कोठे केसाएवढी फट राहिली, तर पोकळी निर्माण होतच नाही. पाणी डब्यात जाते, पण परत येत नाही. म्हणजे डबा बसविण्याचे काम एका सकाळचे असले, तरी सांधे तपासण्याचे काम रोजचे. कोणत्याही सुधारणेचा हा नियमच दिसतो. ती गाडीला लागते त्या दिवशी तिच्याबरोबर एक नवे कर्तव्यही घरात येते. ते कर्तव्य पाळण्याची तयारी नसेल, तर जोडलेले साधन न जोडलेल्यापेक्षा अधिक घातक. कारण माणूस त्याच्या भरवशावर पाणी कमी घेऊन निघालेला असतो.

तिसरा प्रश्न रुतलेली गाडी काढण्याचा. फावड्याने वाळू उपसावी, तर ती पुन्हा भरते. चालकाने घाईने यंत्राला जोर द्यावा, तर चाक जागच्या जागी फिरून आणखी खोल जाते. बॅग्नोल्डला काहिऱ्यातील जुन्या सामानाच्या दुकानात पोलादाच्या जाड, पन्हळीसारख्या लांब पट्ट्या सापडल्या. पहिल्या महायुद्धात खंदकातील भुयारांना छत घालण्यासाठी त्या बनविल्या होत्या. रुतलेल्या मागच्या चाकापुढची वाळू काढून या पट्ट्या आत सरकवायच्या, माणसांनी मागून खांदा लावायचा, आणि चाक पट्टीवर चढले की चालकाने कठीण जमीन येईपर्यंत थांबायचे नाही. इतरांनी त्या तापलेल्या जड पट्ट्या उचलून उन्हातून मागे चालत यायचे. युद्धासाठी घडलेले आणि शांततेत निरुपयोगी झालेले ते भंगार असे प्रवासाच्या कामी आले. आणि पुढे, जसे आपण पाहू, पुन्हा युद्धाच्या कामी गेले.

टायरांच्या हवेचे शास्त्रही त्यांना हळूहळू उमगले. गाडीचे वजन शेवटी टायरातील हवाच तोलून धरते. म्हणून हवेचा दाब निम्मा केला, की जमिनीला टेकणारा टायरचा भाग जवळजवळ दुप्पट होतो आणि वाळूवरील भार विभागला जातो. उंटाचा पसरट तळवा जे काम करतो, तेच हे. परंतु वाळू संपून दगडगोट्यांचे मैदान लागले, की तोच ढिला टायर शत्रू होतो. त्याच्या बाजू सारख्या दुमडून तापतात, दगडांच्या धारांनी कापल्या जातात. म्हणून वाळूत शिरताना हवा सोडायची आणि बाहेर पडल्यावर हातपंपाने पुन्हा भरायची, हा कंटाळवाणा विधी दिवसातून कितीदा तरी करावा लागे. ज्याला त्याचा आळस आला, त्याला नव्या टायरची किंमत मोजावी लागे. आणि नवे टायर शेकडो मैल दूर, काहिऱ्यात!

दिशेचे साधनही असेच निवडून घ्यावे लागले. चुंबकीय होकायंत्र गाडीच्या पोलादापाशी भलतीच दिशा दाखवी. प्रत्येक वेळी उतरून गाडीपासून दूर चालत जावे, तेव्हा कोठे खरी दिशा कळे. यावर सूर्याचे होकायंत्र वापरले गेले. अंशांच्या खुणा असलेली एक आडवी तबकडी आणि तिच्या मध्यभागी उभी सुई. सुईची सावली तबकडीवर पडे, आणि त्या वेळी सूर्य कोणत्या दिशेस असावा याच्या कोष्टकाप्रमाणे तबकडी फिरवीत राहिले, की गाडी न थांबविता दिशा मिळे. भर दुपारी सूर्य डोक्यावर आला, की सावलीच उरत नसे. मग मंडळी तो वेळ विश्रांतीत घालवीत. रात्री ताऱ्यांचे वेध घेऊन ठिकाण नक्की केले जाई.

अशा तयारीनिशी ही मंडळी वाळूच्या महासागरापाशी आली. तोवर सर्वांची समजूत होती, की त्या उंच टेकड्या मोटारीला अलंघ्य आहेत. बॅग्नोल्डने गाडी भरधाव सोडून सरळ टेकडीवर घातली. आता आदळणार असे वाटत असतानाच गाडी उचलली गेल्यासारखी वर चढली आणि माथ्यावर येऊन थांबली! वाऱ्याने कणाकणाने रचलेली टेकडीची वाऱ्याकडील बाजू चांगली घट्ट असते, हे रहस्य त्या दिवशी उलगडले. उलट बाजूस मात्र वाळू सुमारे चौतीस अंशांच्या उतारावर सैल घसरत राहते. माथ्यावर वेग आवरला नाही, तर गाडी त्या कड्यावरून खालीच जायची. वाळू अशी का रचली जाते, या कुतूहलाने बॅग्नोल्ड पुढे वायुबोगद्यात प्रयोग करू लागला. त्यातून १९४१ मध्ये प्रसिद्ध झालेला वाळूच्या वहनाचा त्याचा ग्रंथ आजही त्या विषयातील पाया मानला जातो.

१९३२ पर्यंतच्या मोहिमांत या गाड्या हजारो मैल फिरल्या. १९३४ मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने बॅग्नोल्डला सुवर्णपदक दिले, १९३५ मध्ये त्याने लष्कर सोडले, आणि हा सारा उद्योग एका छंदाची हकीकत म्हणून पुस्तकात बंद झाला, असे वाटू लागले.

परंतु इतिहासाला हिशेब पुरे करण्याची सवय असते. १९३९ मध्ये युद्ध पेटले. बॅग्नोल्डला परत बोलावून पूर्व आफ्रिकेकडे धाडण्यात आले. वाटेत भूमध्य समुद्रात त्याच्या जहाजाची टक्कर झाली आणि त्याला ईजिप्तमध्ये उतरावे लागले. १९४० च्या जूनमध्ये इटली युद्धात उतरली. लिबियात इटलीची मोठी फौज होती, आणि वाळवंटाच्या बाजूने ती काय हालचाल करील, हे कळण्यास ब्रिटिशांपाशी काहीच साधन नव्हते. सेनापती वेव्हेल यांनी बॅग्नोल्डची योजना मान्य केली व सहा आठवड्यांची मुदत दिली. जुने सोबती गोळा झाले. केनेडी शॉ आला, पॅट क्लेटन आला; हार्डिंग-न्यूमन काहिऱ्यातच होता. न्यूझीलंडच्या फौजेतून शेतकरी तरुण निवडले गेले, कारण त्यांना यंत्राची निगा राखण्याची सवय होती. गाड्या कोणत्या? शेव्हरोलेचे साधे, व्यापारी, दीड टनी ट्रक. काही दुकानदारांकडून घेतलेले, काही ईजिप्तच्या लष्कराकडून मागून आणलेले. त्यांचीही दारे, काचा, टप उतरले. स्प्रिंगांना पाटे चढले. रेडिएटरला डबे लागले. बाजूला पोलादी पट्ट्या टांगल्या गेल्या. लाँग रेंज डेझर्ट ग्रूप या नावाने गाजलेली तुकडी ती हीच.

सुधारणा निवडण्याचा सर्वांत बोधप्रद धडा या तुकडीला १९४१ मध्ये मिळाला. झिजलेल्या शेव्हरोलेंच्या जागी फोर्डचे नवे ट्रक आले. त्यांची चारही चाके यंत्राने फिरत. कागदावर पाहता वाळवंटासाठी याहून चांगले वाहन नाही. अनुभव वेगळाच आला. हे ट्रक वजनाने जड होते, पेट्रोल जवळजवळ दुप्पट पीत, आणि चार चाकांना शक्ती पोचविणारा सारा सरंजाम सांभाळण्याचे काम वाढले ते निराळेच. ज्या तुकडीचा जीव एका पिंपात किती मैल मावतात यावर अवलंबून, तिला पाऊण वाट चालणारे बलवान वाहन काय कामाचे? १९४२ मध्ये कॅनडात बांधलेले, केवळ मागच्या दोन चाकांवर चालणारे शेव्हरोले पुन्हा आले, तेव्हा तुकडीने त्यांचे आनंदाने स्वागत केले. सुधारणा चांगली की वाईट, हे तिच्या अंगच्या गुणावर ठरत नाही. प्रवास कोणता, यावर ठरते.

पेट्रोलच्या डब्यांची गोष्ट तशीच. ब्रिटिशांचे चार गॅलनी डबे पातळ पत्र्याचे. खडकावरून जाताना त्यांचे सांधे उकलत आणि मोलाचे पेट्रोल वाळूत झिरपून जाई. जर्मनांचा वीस लिटरचा डबा मजबूत, घट्ट झाकणाचा. शत्रूचे असे डबे हाती लागले, की ते जपून ठेवले जात; आणि पुढे दोस्तांनी त्याची सहीसही नक्कल केली. शहाणा माणूस शत्रूकडूनही डबा शिकतो!

रोजच्या निगेची शिस्त या तुकडीत कडक होती. कारागिराचा ट्रक नेहमी सर्वांच्या मागून चाले, म्हणजे मोडलेली गाडी त्याला वाटेतच भेटे. मुक्काम पडला, की जेवणाआधी गाडी. नटबोल्ट आवळणे, स्प्रिंगचे पाटे पाहणे, वंगण घालणे, पेट्रोल गाळून घेणे, सैल झालेले ओझे पुन्हा बांधणे, ही कामे अंधार पडण्यापूर्वी उरकली जात. गाड्या शक्यतो एकाच जातीच्या ठेवल्या जात. त्यामुळे एक गाडी निकामी झाली, तरी तिचे अवयव दुसरीला लागत.

गाडी गेली म्हणजे काय होते, हे जेबेल शरीफजवळ दिसले. १९४१ च्या जानेवारीत मुर्झुकच्या इटालियन ठाण्यावर छापा घालून तुकडीचा एक भाग कुफ्र्याकडे वळला असता ३१ जानेवारीस इटलीच्या मोटार-दलाने त्याला गाठले. क्लेटन जखमी होऊन पकडला गेला. काही ट्रक जळाले. चार माणसे खडकांत लपून राहिली. त्यांच्यापाशी अन्न नव्हते, आणि पाणी होते दोन गॅलनांहूनही कमी. त्यांपैकी रोनाल्ड मूर या न्यूझीलंडच्या शिपायाच्या पायाला जखम झाली होती. शत्रूच्या स्वाधीन होण्याचा विचार बाजूला सारून ते आपल्याच सोबत्यांच्या ट्रकांच्या चाकोऱ्या धरून दक्षिणेस चालू लागले. दहा दिवसांनी फ्रेंच पथकाला मूर सापडला, तेव्हा तो सुमारे दोनशे दहा मैल चालून गेला होता आणि पाय अजूनही पुढेच पडत होते. चौघांपैकी एकाने सुटकेनंतर प्राण सोडला. वाळूत उमटलेली टायरांची ती जोडरेघ हाच त्यांचा रस्ता झाला होता.

या युद्धाशी भारताचा संबंध जवळचा आहे. याच तुकडीच्या धर्तीवर भारतीय घोडदळाच्या रेजिमेंटांतील जवानांचे एक लाँग रेंज पथक उभे राहिले आणि तेही तिच्याबरोबर वाळवंटात वावरले. ज्यांच्या वाडवडिलांनी घोड्याला खरारा केला, त्यांनी ट्रकच्या रेडिएटरची निगा राखली. बेळगाव हे ज्या मराठा पायदळाचे माहेर, त्याची एक पलटण १९४२ मध्ये तोब्रुकच्या लढाईत होती. त्यामुळे उत्तर आफ्रिकेची वाळू मराठी घरांना अगदीच अनोळखी नाही.

बॅग्नोल्ड १९९० मध्ये चौऱ्याण्णव वर्षांचा होऊन वारला. मंगळावर फिरणाऱ्या ‘क्युरिऑसिटी’ यानाने २०१५ मध्ये ज्या वाळूच्या टेकड्या जवळून तपासल्या, त्यांना शास्त्रज्ञांनी त्याचे नाव दिले. त्याच्या तुकडीचा वाळूत सोडून दिलेला एक शेव्हरोले १९८० मध्ये वाळवंटातून उचलून आणण्यात आला आणि लंडनच्या इंपीरियल वॉर म्युझियमने तो आहे त्या गंजक्या स्थितीत जतन केला.

पण त्या परंपरेची खरी आठवण संग्रहालयात जाऊन शोधण्याचे कारण नाही. आजच्या कोणत्याही मोटारीचे झाकण उघडावे. रेडिएटरशेजारी, नळीने जोडलेली, पाण्याची एक छोटी बाटली दिसेल. यंत्र तापले की पाणी तिच्यात जाते, निवले की परत येते. पायफळीवर बांधलेल्या त्या पत्र्याच्या डब्याचेच हे कुलवृत्त. आणि त्याची अटही तीच आहे. सांधा घट्ट आहे ना, हे अधूनमधून कोणीतरी वाकून पाहिले पाहिजे.